कवड्यांचा लिलाव : आमच्या कागदी संघाचा एक हंगाम

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात, ऑगस्ट २०२५ मध्ये, झालेल्या भाषणाचा मजकूर)

 गणपतीत व्याख्यान म्हटलं की कुणी इतिहासावर बोलतं, कुणी आरोग्यावर. कार्यवाहांनी आम्हाला सांगितलं, "तुम्ही चौघं तीन महिने रात्री जागून कसला तो क्रिकेटचा हिशोब करत होता, त्यावरच बोला." म्हणून आज आम्ही आमच्या संघाचा वार्षिक अहवाल घेऊन उभे आहोत. आमचा संघ मैदानावर कधी उतरला नाही. तो वहीत आहे.

हा संघ चौघांचा. एक कापड दुकानदार, एक हायस्कूलचे सर, बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या वहिनी आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात डिप्लोमावर लागलेले अस्मादिक. चौघांनीही चाळिशी ओलांडलेली. पळून धाव काढायची म्हटली तर गुडघा आधी बाद होईल. पण संघ निवडायला गुडघा लागत नाही.

ज्येष्ठांना हा खेळ नवा वाटेल, पण याचं मूळ आपल्या सगळ्यांच्या दप्तरात आहे. बुक क्रिकेट आठवतं का? समाज विज्ञानाचं जाड पुस्तक घ्यायचं, डोळे मिटून उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक बघायचा. दोन, चार, सहा म्हणजे तेवढ्या धावा. आठला आमच्या शाळेत एक धाव. शून्य आला की बाद. डावं पान नेहमी सम आकड्याचं, म्हणजे पाच अंकांतला एक बाद करणारा. हिशोब केला तर फलंदाज बाद होण्याआधी सरासरी चारदा पान उघडतो आणि तेरा धावा काढतो. दहा गडी बाद होईपर्यंत एकशे तीस. आमच्या शाळेतले बहुतेक सामने याच आसपास संपत.

या खेळात एक उणीव होती. पुस्तकाला गावसकर कोण आणि अकरावा फलंदाज कोण हे कळत नसे. दोघांनाही तेराच धावा. ही उणीव भरून काढायची म्हणून जगात बऱ्याच डोक्यांनी विचार केला. अमेरिकेत त्यांचा बेसबॉल. तिथं १९६१ साली हॅल रिचमन नावाच्या माणसानं 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ विकायला काढला. प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या नावाचं एक कार्ड, त्यावर त्याच्या गेल्या हंगामातल्या कामगिरीवरून काढलेले आकडे, आणि फासे टाकायचे. चांगल्या खेळाडूचं कार्ड चांगलं फळ देणार, पण फासा आपल्या हातात नाही. पुढे १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादकानं मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये वेगळी रीत काढली. फासेच नकोत. हंगामाआधी मित्रांनी बसून खऱ्या खेळाडूंचा लिलाव करायचा, प्रत्येकानं आपला संघ बांधायचा आणि खेळाडू मैदानावर जे करतील तेच आपले गुण. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून तिला रोटिसरी लीग म्हणू लागले. आपल्याकडे २००० नंतरच्या वर्षांत ईएसपीएन-स्टार वाहिनीच्या 'सुपर सिलेक्टर'नं ही चव लावली. नंतर आयपीएल आली, मोबाईल आला आणि पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याकडे आम्ही येणारच आहोत.

आमची लीग मात्र जुन्या रीतीची आहे. आठ संघ. तीन बेळगावचे, दोन निपाणीचे, एक खानापूरचा, एक चिकोडीचा आणि एक पलीकडचा, कागलचा. प्रत्येक संघाला शंभर कवड्या. पैसा हा शब्दच नको म्हणून सुरुवातीला कुणीतरी कवड्या म्हणालं आणि तेच रूढ झालं. लिलावात पंधरा खेळाडू घ्यायचे. शनिवारी रात्री नऊपर्यंत पुढच्या आठवड्याचे अकरा आणि कर्णधार कळवायचे. एका धावेला एक गुण, एका विकेटला वीस, झेलाला पाच. कर्णधाराचे गुण दुप्पट. रविवारी रात्री सामना संपल्यावर बदल्या करता येतात, हंगामात फक्त सहा. बदली हा शब्द सरकारी नोकराच्या छातीत धडकी भरवतो. इथं मात्र बदलीचा आदेश आम्हीच काढतो, एवढाच काय तो आनंद.

नोंदी वहीत. आमच्या खात्यात मोजमापाची वही असते, एम. बी. म्हणतात तिला. तीत खाडाखोड चालत नाही, प्रत्येक नोंदीला तारीख आणि सही. लीगची वही तशीच ठेवायची असा आमचा हट्ट होता. सुरुवातीला सगळे हसले. मे महिन्यात त्याच वहीनं लीग वाचवली.

आता हंगाम. २०२५ ची आयपीएल २२ मार्चला सुरू झाली. आमचा लिलाव त्याआधीच्या आठवड्यात निपाणीत, एका मित्राच्या तंबाखूच्या वखारीत झाला. शिंका देत देत बोली लावणं हा अनुभव ज्यानं घेतला नाही, त्याला लिलाव कळला नाही.

आमचं धोरण वहिनींनी ठरवलं होतं. एकाच मोठ्या खेळाडूवर भरपूर खर्च करायचा, तोही असा की जो दर सामन्यात थोडं तरी देईल. बाकी कवड्या बारीक वाटायच्या. म्हणून सूर्यकुमार यादव एकतीस कवड्यांना. ऋतुराज गायकवाड अठराला. तिथं मात्र भावना आडवी आली. ६ जून २०१९ ला इथं ऑटोनगरच्या मैदानावर श्रीलंका 'अ' संघाविरुद्ध ऋतुराजनं नाबाद १८७ केल्या, तेव्हा आमच्यातले दोघं उन्हात बसून बघत होते. बेळगावात आपल्या डोळ्यांदेखत एवढी खेळी केलेला पोरगा दुसऱ्याला कसा द्यायचा? प्रसिद्ध कृष्णा सहा कवड्यांना, कृणाल पांड्या चारला, देवदत्त पडिक्कल तीनला. अजिंक्य रहाणे तीनला आणि अमरावतीचा जितेश शर्मा दोनला. रहाणेच्या वेळी कागलचे मित्र म्हणाले, "अहो, आता त्याचं वय झालं." आम्ही म्हणालो, "आमचंही झालंय, म्हणूनच घेतोय."

कागलकरांनी ऋषभ पंतसाठी सव्वीस कवड्या मोजल्या. खऱ्या लिलावातही तो २७ कोटींना गेला होता, आयपीएलच्या इतिहासातली सर्वांत मोठी बोली. त्यामुळे वखारीत टाळ्या झाल्या.

पहिली हालचाल हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी. पालघरचा शार्दूल ठाकूर. खऱ्या लिलावात त्याला कुणी घेतलं नव्हतं, म्हणून आमच्या लिलावातही तो नव्हता. लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला आणि ऐनवेळी शार्दूलला बोलावणं आलं. २३ मार्चच्या रविवारी रात्री आम्ही एक राखीव गोलंदाज सोडून त्याला वहीत लिहिला. दिल्लीविरुद्ध दोन विकेट, मग हैदराबादेत ३४ धावांत चार. दोन सामन्यांत सहा विकेट, १२० गुण. दुकानदारांनी आनंदानं पाव किलो कुंदा आणला.

दुसरी हालचाल लगेच पुढच्या रविवारी, ३० मार्चला. हिच्यावरून खानापूरकर आजही आमच्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्याकडे यशस्वी जयस्वाल होता. पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या धावा एक, एकोणतीस आणि चार. खानापूरकर वैतागले होते आणि त्यांना शार्दूल हवा होता. सरांनी शांतपणे सांगितलं, "फलंदाजाचा खराब आठवडा आणि गोलंदाजाचा चांगला आठवडा, दोन्ही पाहुणे असतात." आम्ही शार्दूल दिला, यशस्वी घेतला. पुढच्या अकरा सामन्यांत यशस्वीनं ५२५ धावा केल्या. शार्दूलला उरलेल्या हंगामात सात विकेट मिळाल्या, म्हणजे १४० गुण. खानापूरकरांना आम्ही इतकंच म्हणतो की व्यवहार दोघांच्या सहीनं झाला, वही साक्षीला आहे.

मग दैव फिरलं. ऋतुराजच्या कोपराला मार लागला होता. १० एप्रिलला बातमी आली की तो उरलेला हंगाम खेळणार नाही. पाच सामन्यांत १२२ धावा करून आमचे अठरा कवड्यांचे भांडवल घरी बसलं. चेन्नईनं त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे घेतला. तिकडे राजस्थानकडून चौदा वर्षांचा वैभव सूर्यवंशी १९ एप्रिलला पहिल्यांदा खेळला. २० तारखेच्या रविवारी रात्री दोन्ही पोरं सुट्ट्या खेळाडूंच्या यादीत होती. त्या दिवशी बदलीचा पहिला हक्क कागलचा होता. त्यांनी वैभव उचलला, आम्ही आयुष.

पुढच्याच सोमवारी, २८ एप्रिलला, वैभवनं जयपूरला गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. कागलहून रात्री साडेअकराला फोन. फोनवर नुसता फटाक्यांचा आवाज. आम्ही गप्प राहिलो. ३ मे रोजी आयुषनं बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या. सहा धावांनी शतक हुकलं, चेन्नई दोन धावांनी हरली, पण आम्हाला ९४ गुण मिळाले. आमच्याकडे आल्यावर आयुषच्या सहा सामन्यांत २०८ धावा झाल्या. ऋतुराजची उणीव भरून निघाली असं नाही, पण घर चाललं.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भागात आयपीएल म्हणजे घरोघरी दोन पक्ष. वडील मुंबईचे, मुलगा आरसीबीचा. गल्लीत निळ्या जर्सीपेक्षा लाल जर्सी आता जास्त दिसतात, आणि ज्येष्ठांना ते कधी कधी खुपतं, हे आम्ही जाणतो. पण आमच्या वहीत सूर्यकुमार मुंबईचा, कृणाल आणि जितेश आरसीबीचे, प्रसिद्ध गुजरातचा. सगळे आमचेच. मुंबई विरुद्ध बेंगळुरू सामन्यात जितेश मारत असला तरी टाळी आणि सूर्या मारत असला तरी टाळी. दिवसा कचेरीत कन्नडमध्ये टिपणी लिहायची, संध्याकाळी मंडळात मराठीत आरती म्हणायची, हा आपला रोजचा सराव आहेच. खेळातही तो कामी येतो. सरांच्या मुलानं आणि त्यांच्या वडिलांनी या हंगामात पहिल्यांदा एका सोफ्यावर बसून सामने बघितले, कारण दोघांनाही जितेशच्या धावा हव्या होत्या.

आता मे महिना. ८ मे रोजी धरमशाळेचा सामना अर्ध्यात थांबला आणि ९ तारखेला स्पर्धा स्थगित झाली. देशासमोर मोठे प्रसंग होते, क्रिकेट थांबणं योग्यच होतं. आमची लीगही थांबली. त्या वेळी आम्ही आठांत चौथे होतो. दुसऱ्या स्थानावर निपाणीच्या तीन तरुणांचा संघ होता. हुशार पोरं. लिलावात सगळ्यांत कमी कवड्यांत सगळ्यांत चांगला संघ त्यांनीच बांधला होता.

त्या रिकाम्या आठवड्यात त्यांनी प्रस्ताव मांडला. "नुसत्या कवड्यांत रंगत नाही. पुन्हा सुरू होताना प्रत्येक संघानं पाच हजार घालावेत. चाळीस हजार जमतील, पहिल्या तिघांत वाटू." बैठक झाली. आम्ही नको म्हणालो. एक तर आमच्यातले तिघं पगारदार, त्यात एक सरकारी, त्याला असल्या व्यवहारात नाव नको. पण ते कारण पुढं करून आम्ही सुटका करून घेतली नाही. आमचं म्हणणं वेगळं होतं. पैसे आले की खानापूरकरांचा राग नुसता राग राहणार नाही. शार्दूल-यशस्वीच्या व्यवहारावर आज आपण हसतो, उद्या त्यावरून कॉलर धरली जाईल. मतदान झालं, सात विरुद्ध एक. पोरं उठली आणि लीग सोडून गेली. जाताना एक जण म्हणाला, "तुमचा खेळ म्हाताऱ्यांचा भोंडला आहे." वहिनी म्हणाल्या, "भोंडल्यात खिरापत तरी मिळते."

संघ अर्ध्यात गेला तर खेळाडूंचं काय? इथं वही उघडली. पहिल्याच पानावर आठही संघांच्या सह्यांचा नियम होता. सोडून जाणाऱ्या संघाचे खेळाडू उरलेल्यांत वाटायचे, तळाच्या संघाला पहिली निवड. सात संघ, दोन फेऱ्या, चौदा खेळाडू गेले, पंधरावा सुट्ट्यांत. आता आम्ही तिसरे झालो होतो, म्हणून निवडीत आमचा क्रमांक पाचवा. पहिल्या फेरीत चांगले फलंदाज संपले. दुसऱ्या फेरीत आमची पाळी आली तरी जोश हेझलवूड शिल्लक होता. दहा सामन्यांत अठरा विकेट घेतलेला गोलंदाज, पण खांदा दुखावलेला आणि मायदेशी गेलेला. परत येतो की नाही कुणाला माहीत नव्हतं. आम्ही त्याचं नाव घेतलं. त्याच आठवड्यात पडिक्कल जायबंदी झाल्यामुळे त्याच्या जागी मयंक अगरवाल घेतला, कारण आरसीबीनंही तेच केलं होतं.

१७ मे रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती पावसानं, बेंगळुरूचा सामना एकही चेंडू न पडता वाहून गेला. पण नंतरचे दिवस आमचे होते. २७ मे रोजी लखनौविरुद्ध आरसीबीसमोर २२८ धावांचं लक्ष्य आणि जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढून सामना जिंकून दिला. दोन कवड्यांचा माणूस. त्याच सामन्यात ऋषभ पंतनं नाबाद ११८ केल्या. त्याच्या पूर्ण हंगामाच्या धावा २६९, त्यातल्या ११८ या एका रात्रीत. आणि कागलकरांनी कंटाळून त्या आठवड्यात त्याला अकरांबाहेर बसवलं होतं. आम्ही फोन केला नाही. शेजारधर्म असतो.

२९ मे रोजी हेझलवूड परतला, पंजाबविरुद्ध २१ धावांत तीन विकेट. १ जूनला मुंबई हरली आणि आमचा कर्णधार सूर्यकुमार घरी गेला. सोळा सामन्यांत ७१७ धावा आणि एकाही सामन्यात पंचवीसच्या खाली नाही. वहिनींनी मार्चमध्ये मागितलं होतं अगदी तेच. ३ जूनला अहमदाबादेत अंतिम सामना. कृणालच्या १७ धावांत दोन विकेट, जितेशच्या दहा चेंडूंत २४, मयंकच्या २४, हेझलवूडची एक विकेट. आरसीबी सहा धावांनी जिंकली, अठरा वर्षांनी पहिल्यांदा. आणि आम्ही दुसरे आलो.

पहिला क्रमांक बेळगावच्या प्राध्यापक मंडळींचा. त्यांच्याकडे ७५९ धावांचा साई सुदर्शन आणि ६०४ धावांचा श्रेयस अय्यर, दोन्ही होते. न्याय्य विजय, आमचं अभिनंदन. कवडीला किती गुण पडले याचा हिशोब मात्र वहिनींनी मांडला आहे. सूर्यकुमारच्या नुसत्या धावा धरल्या तर कवडीला तेवीस. प्रसिद्ध कृष्णाच्या पंचवीस विकेट, पाचशे गुण, कवडीला त्र्याऐंशी. रहाणेच्या ३९० धावा, कवडीला एकशे तीस. जितेशही तेवढाच. यातून पुढच्या लिलावासाठी धडा एवढाच की सगळे ज्याच्याकडे बघत नाहीत त्याच्याकडे बघावं. रस्त्याच्या कामातही डांबर सगळ्यांना दिसतं, खालची खडी कुणी बघत नाही, आणि रस्ता खडीवर टिकतो.

बक्षीस समारंभ आम्ही ५ जूनला ठेवला होता. बक्षीस म्हणजे एक शाल आणि करदंट. ४ तारखेला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली. आनंद बघायला घरातून निघालेली माणसं होती ती. आम्ही समारंभ रद्द केला. शाल प्राध्यापकांच्या घरी नेऊन दिली, करदंट कुणी खाल्लं नाही.

आता त्या पोरांकडे येतो. या भागानं खेळातल्या पैशाचे चटके आधीच घेतलेत. बेळगावी पँथर्स हा आपल्या गावाचं नाव लावणारा संघ २०१७ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग जिंकला, तेव्हा आपण मिरवलो. दोन वर्षांत सट्टेबाजीच्या प्रकरणात त्याच संघाच्या मालकाला अटक झाली आणि ती लीगच बंद पडली. मग मोबाईलवरचे पैशाचे खेळ. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकानं कायदा करून ते बंद केले. पण आपण सीमेवरचे. ॲप माणूस कुठं उभा आहे ते बघतं. निपाणीत बंद, कागलात चालू. संध्याकाळी मोटारसायकलवरून कोगनोळी नाका ओलांडायचा, पलीकडं चहाच्या गाड्यावर संघ लावायचा आणि परत यायचं, असं करणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. लोक म्हणतात सीमाप्रश्नाची झळ एकाच गोष्टीला लागते. नाही, ती असल्या गोष्टींनाही लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं त्या कायद्यातली कलमं रद्द केली आणि नाका ओलांडायची गरज उरली नाही. आता घरात, पांघरुणात, रात्री दोनपर्यंत.

त्या तिघांतला एक जण त्याच वाटेनं गेला होता. किती पैसे गेले ते आम्ही सांगणार नाही, तो आमच्यात बसणारा मुलगा आहे. मोटारसायकल विकली एवढं गावाला दिसलं. मोबाईलवरून घेतलेलं कर्ज घरच्यांना नंतर कळलं. मे महिन्यात त्याला आमच्या चाळीस हजारांत वाटा का हवा होता, हे आम्हाला ऑगस्टमध्ये उमगलं. तो रंगतीसाठी मागत नव्हता, खड्डा बुजवायला मागत होता.

हिशोबाचं सांगतो, कारण पोरं मागे उभी आहेत. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये घातले, पाच हजार झाले. चालवणारा आपला वाटा आठशे काढून घेतो. उरले चार हजार दोनशे. म्हणजे शंभर जणांना मिळून पन्नासाचे बेचाळीसच परत येणार. कुणी एक जिंकतो, त्याचा फोटो छापून येतो, पण सगळ्यांचा मिळून तोटा हा सामना सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो. क्रिकेट कितीही कळलं तरी हे आठशे कुणाला चुकत नाहीत. आमच्या लीगमध्ये शंभर कवड्या घातल्या तर शंभर कवड्यांचेच खेळाडू मिळतात, मधे कुणी हात घालत नाही.

गेल्या आठवड्यात, २२ ऑगस्टला, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे त्यातलं शहाणपण आम्हाला आवडलं. भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावसुद्धा त्यामुळे उतरलं. आता कागल आणि निपाणी, दोन्हीकडं एकच नियम.

कायद्यानं ॲप बंद होईल. पण त्या पोराला क्रिकेट कळतं, आकडे कळतात, आणि त्याला रात्री कुणाशी तरी त्यावर बोलायचं असतं. ती भूक कायदा भागवणार नाही. ती भागवायची तर आपल्यासारख्यांनी जागा केली पाहिजे. परवा, गणपती बसले त्या संध्याकाळी तो आरतीला आला होता. प्रसाद घेताना विचारलं, "काका, मार्चमध्ये लिलाव आहे का?" आम्ही सातही संघांना विचारलं. खानापूरकर आधी तयार झाले, ज्यांचा राग सगळ्यांत मोठा असतो असं आम्ही समजत होतो. म्हणाले, "यशस्वी गेला तो गेला, पोरगं जाऊ नये." आठवा संघ परत येणार हे आज आम्ही इथून जाहीर करतो. पहिल्या पानावर त्यांचीही सही पुन्हा होईल.

आणखी दोन ठराव मांडून थांबतो. पहिला वहिनींचा. महिलांच्या प्रीमियर लीगचा वेगळा लिलाव, घरच्या लेकीसुनांचे संघ. सांगलीच्या स्मृती मंधानाला इथली कुणीतरी बाई बोली लावणार नाही तर कोण लावणार? दुसरा सरांचा. आठवी-नववीच्या मुलांची एक लीग, मंडळाच्या वाचनालयात, मोबाईलशिवाय. दुसऱ्या दिवशीच्या 'तरुण भारत'मधला धावफलक बघून मुलांनी गुण स्वतः मांडायचे, मराठीत, पेन्सिलनं नव्हे, पेनानं. सरासरी, शेकडेवारी, हातचा, सगळं त्यात येतं. वह्या आमच्या दुकानदार मित्राकडून.

ज्यांना लिलावाला यायचं असेल त्यांनी मार्चच्या पहिल्या रविवारी निपाणीच्या वखारीत यावं. शंभर कवड्या मंडळ देईल. रुमाल आपापला आणावा, तंबाखूची शिंक कुणाला सोडत नाही.

गणपती बाप्पा मोरया.